पंचवीस बॉन्डपटांची उतरंड कशी रचावी: पहिल्यांदाच बसणाऱ्यांसाठी

गेल्या दिवाळीत फराळाच्या ताटांवर आमच्या घरात भांडण झालं. विषय होता, सगळ्यात चांगला बॉन्डपट, म्हणजे हेर जेम्स बॉन्डचा सिनेमा, कोणता. बाबा म्हणाले ‘गोल्डफिंगर’, आणि विषय संपला अशा थाटात चकली मोडली. भाऊ ‘गोल्डनआय’साठी हटून बसला. भाचीने ‘स्कायफॉल’ म्हटलं. मी ‘मूनरेकर’ म्हटल्यावर तिघंही हसले.

हसू येण्यासारखंच होतं. ‘मूनरेकर’ मी शेवटचा बघितला तो नऊ वर्षांची असताना, कॉलनीच्या गणपतीत भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर, अर्धवट झोपेत. पण खोदून विचारल्यावर कळलं की बाकीच्यांनीही आपापला लाडका सिनेमा गेल्या दहा वर्षांत पुन्हा नीट बघितलेला नव्हता. सगळे आठवणींना मार्क देत होते. मग ठरलं: सगळे बघायचे, ओळीने, आणि त्यानंतरच बोलायचं. इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आमच्या हॉलमध्ये भाऊबीजेनंतरच्या शनिवारी सुरुवात झाली आणि रंगपंचमीच्या गेरीच्या, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीच्या, आदल्या रात्री पंचविसावा संपला. त्याआधी दोन वर्षांपूर्वी एक प्रयत्न सातव्या सिनेमाशी दम तोडून बसला होता. दोन्ही वेळच्या चुका जमेस धरून हे लिहिते आहे.

लागणारं सामान

- २५ कार्डं. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून घ्या, जाड असतात आणि घरात ढिगाने असतात. वर एक जास्तीचं कापा, ते कशाला ते शेवटी.
- माणशी एक वही. मोबाइलवर लिहू नका, शेजारचा वाकून बघतो.
- इंग्रजी उपशीर्षकं नीट दिसतील एवढा टीव्ही.
- डिस्कचा संच, किंवा ज्या ऑनलाइन सेवेवर सिनेमे आहेत तिचं सभासदत्व.
- पोहे, सेव, जिरावण. हे सांगायची गरज इंदूरच्या वाचकाला नाही, पण यादी पूर्ण असावी.

१. आधी मोजणी: कोणते धरायचे, कोणते नाही

अल्बर्ट ब्रॉकोली आणि हॅरी साल्ट्झमन यांनी सुरू केलेल्या इऑन प्रॉडक्शन्सचे सिनेमे म्हणजे मुख्य मालिका. १९६२चा ‘डॉ. नो’ पहिला, २०२१चा ‘नो टाइम टू डाय’ पंचविसावा. शॉन कॉनरीचे त्यात सहा, जॉर्ज लेझनबीचा एक, रॉजर मूरचे सात, टिमथी डाल्टनचे दोन, पिअर्स ब्रॉस्ननचे चार, डॅनिएल क्रेगचे पाच. बेरीज जुळते का ते कार्डांवर नावं लिहितानाच तपासा. आमच्याकडे चोवीसच भरली होती, लेझनबी राहिला होता. तो नेहमी राहतो.

या मालिकेबाहेरचे दोन आहेत आणि दोन्ही घोटाळा करतात. पहिला १९६७चा ‘कसिनो रोयाल’. हा विडंबनपट आहे, त्यात डेव्हिड निव्हन म्हातारा बॉन्ड आहे. क्रेगचा २००६चा सिनेमा याच नावाचा. बाबांनी एका दुपारी एकट्यानेच यादीतला पुढचा म्हणून हा लावला आणि वीस मिनिटांनी मला हाक मारली, “अगं, हे काय करून राहिलेत हे लोक?” लावण्याआधी साल बघा.

दुसरा ‘नेव्हर से नेव्हर अगेन’, १९८३. यात खुद्द कॉनरी आहे, पण कंपनी वेगळी. गोष्ट ‘थंडरबॉल’चीच आहे, कारण ती मुळात बॉन्डच्या कादंबऱ्यांचा लेखक इयन फ्लेमिंग याने निर्माता केविन मॅक्लोरी वगैरेंबरोबर पटकथेसाठी रचली होती; फ्लेमिंगने तिची कादंबरी केली तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं आणि सिनेमाचे हक्क मॅक्लोरीला मिळाले. बघायचा तर शेवटी, शिल्लक वेळात. ‘थंडरबॉल’च्या लगेच मागे बघितलात तर दोन्ही एकमेकांना खातात.

२. वेळेचा हिशेब

सगळ्या २५ सिनेमांची लांबी मिळवली तर साधारण ५३ तास होतात. सर्वांत छोटा ‘क्वांटम ऑफ सोलेस’, १०६ मिनिटं. सर्वांत लांब ‘नो टाइम टू डाय’, १६३.

रोज एक हा बेत करू नका. आमचा पहिला प्रयत्न त्यानेच बुडाला. चौथ्या दिवशी हेर कुठल्या बेटावर आहे आणि कोणाची मांजर कोणाच्या मांडीवर आहे हे एकमेकांत मिसळायला लागतं. आठवड्याला दोन पुरे: शनिवारी रात्री एक, रविवारी दुपारी जेवणानंतर एक. तसे साडेबारा आठवडे होतात. लग्नं, परीक्षा आणि पाहुणे धरून आम्हाला साडेचार महिने लागले. रविवार दुपारच्या सिनेमात कोण झोपलं त्याची नोंद ठेवा. जो झोपला त्याचं मत त्या सिनेमापुरतं बाद. यावरून आमच्याकडे दोनदा अपील झालं, दोन्ही वेळा बाबांचं.

३. सिनेमे मिळवणं आणि टीव्ही वठणीवर आणणं

ऑनलाइन सेवांवर हे सिनेमे येतात आणि जातात. सुरुवातीलाच पंचवीसही आहेत का ते बघा, निम्म्यात हक्क दुसरीकडे गेले तर वेळापत्रक कोसळतं.

डिस्क घेणार असाल तर खोक्याच्या मागचा प्रदेश क्रमांक आधी वाचा. भारताचा डीव्हीडीसाठी प्रदेश ५, अमेरिकेचा १. ब्लू-रेसाठी आपण ‘सी’, ते ‘ए’. आमच्या आतेभावाने अमेरिकेहून मोठ्या प्रेमाने संच आणला. आपल्या प्लेअरने एकेक डिस्क तोंडात घेऊन परत थुंकली. तो संच आता शोकेसमध्ये आहे, दिसतो छान.

टीव्हीत दोन गोष्टी बंद करा. एक, हालचाल गुळगुळीत करणारी सोय. ती चालू असली की १९६०च्या दशकातला सिनेमा संध्याकाळच्या मालिकेसारखा दिसतो. दुसरी, चित्र ताणून पडदा भरण्याची सवय. सुरुवातीच्या तीन सिनेमांची चौकट अरुंद आहे, कडेला काळ्या पट्ट्या येतील. ‘थंडरबॉल’पासून चौकट रुंद झाली, तिथे पट्ट्या वर-खाली येतील. येऊ द्या. झूमचं बटण दाबलंत की माणसांची डोकी कापली जातात.

भाषा एकच ठेवा. काही हिंदीत आणि काही इंग्रजीत बघून तुलना होत नाही. यावर भाऊ म्हणाला की ‘गोल्डफिंगर’मध्ये खलनायक झालेल्या गर्ट फ्रोबचा आवाजसुद्धा त्याचा नाही, मायकेल कॉलिन्स नावाच्या नटाने दिलेला आहे, मग डबिंगचा एवढा सोवळेपणा कशाला? मुद्दा बिनतोड होता. तरी इंग्रजीच लावला.

४. क्रम: प्रदर्शनाचाच

चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवायची कल्पना प्रत्येक घरात कोणीतरी काढतंच. ऐकू नका. या मालिकेतली अर्धी गंमत एक सिनेमा आधीच्यावर काय करतो त्यात आहे. ‘डॉ. नो’मध्ये नामावलीआधीचा प्रसंगच नाही. तो ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’पासून सुरू झाला आणि पुढे त्याचीच सगळे वाट बघायला लागले. क्रेगचे पाच तर सलग गोष्टीसारखे आहेत. ‘क्वांटम ऑफ सोलेस’ सुरू होतो तो ‘कसिनो रोयाल’ जिथे संपला त्याच्या जेमतेम काही मिनिटांनंतर; हे दोन एकाच शनिवार-रविवारी बघा.

क्रमाने बघूनही एक ठेच लागतेच. १९६७च्या ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’मध्ये बॉन्ड आणि खलनायक ब्लोफेल्ड समोरासमोर येतात. पुढच्याच, १९६९च्या ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’मध्ये बॉन्ड चश्मा लावून, खोटं नाव सांगून त्याच्याकडे जातो आणि ब्लोफेल्ड त्याला ओळखत नाही. आम्ही सिनेमा थांबवून पंधरा मिनिटं वाद घातला. कारण साधं आहे: कादंबऱ्यांचा क्रम उलटा होता, तिथे त्यांची पहिली भेट या दुसऱ्या गोष्टीतच होते. शिवाय मधे दोघांचेही नट बदललेले. तुम्ही वाद न घालता पुढे जा.

आणि शेवटच्या पाटीवर विसंबू नका. ‘द स्पाय हू लव्हड मी’च्या शेवटी पुढचा सिनेमा ‘फॉर युअर आइज ओन्ली’ असल्याचं लिहिलं आहे. मधल्या काळात ‘स्टार वॉर्स’ धो-धो चालला, म्हणून निर्मात्यांनी आधी ‘मूनरेकर’ काढून बॉन्डला अंतराळात पाठवलं.

मूरचे सात सलग येतात तिथे दमछाक होते. चौथ्यानंतर एक आठवडा सुट्टी घ्या. नाहीतर १९८५चा ‘अ व्ह्यू टू अ किल’ येईपर्यंत तुम्ही त्याच्यावर चिडलेले असाल. त्याचं वय तेव्हा ५७ होतं आणि ते दिसतं. बाबा स्वतः अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. ते टीव्हीकडे बघून म्हणाले, “ह्याची पेन्शनची फाइल कुठं अडकली?”

५. त्याच रात्री लिहा, बोलण्याआधी

यातलं एकच पाळणार असाल तर हे पाळा. शनिवारचा सिनेमा सव्वादहाला संपायचा आणि लगेच सराफ्यात, म्हणजे दिवसा सोन्याचांदीच्या आणि रात्री खाण्याच्या बाजारात, जायचं असायचं. थंडीत गराडू, बाकी वेळी भुट्ट्याचा कीस. नियम केला होता की चौघांच्या वह्या भरल्याशिवाय गाडीची किल्ली निघणार नाही. पहिल्या तीन सिनेमांना हा नियम नव्हता आणि त्या तिन्हींना चौघांचे मार्क जवळपास सारखे पडलेत, कारण सराफ्याच्या वाटेवर बाबा बोलत होते आणि आम्ही ऐकत होतो.

काय लिहायचं? मी पहिल्यांदा बारा रकाने आखले होते. बारा रकाने म्हणजे आयकराचा फॉर्म. शेवटी चार उरले: नामावलीच्या आधीचा प्रसंग, खलनायकाला नेमकं काय हवं आहे, जागा आणि सेट, आणि ‘मधे मी किती वेळा मोबाइल बघितला’. चौथा रकाना सर्वांत खरं बोलतो.

खलनायकाच्या रकान्यात त्याचा बेत एका वाक्यात लिहायचा प्रयत्न करा. ‘गोल्डफिंगर’चं लगेच जमतं: फोर्ट नॉक्समधलं अमेरिकन सरकारचं सोनं चोरायचं नाही, किरणोत्सर्गाने निकामी करायचं, म्हणजे त्याच्याकडच्या सोन्याचा भाव वाढेल. सराफ्यात उभं राहून हे कोणालाही समजावता येतं, आम्ही समजावलंही. ‘ऑक्टोपसी’चं वाक्य लिहायला मला अर्धं पान लागलं. दागिने, सर्कस, अणुबॉम्ब, रशियन जनरल, सगळं एकात.

सेटच्या रकान्यात केन ॲडम या सेट रचणाऱ्याचं नाव वारंवार येईल. ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’मधला ज्वालामुखीच्या पोटातला तळ त्याचा, फोर्ट नॉक्सचा आतला भाग त्याचा. पुढे ‘द स्पाय हू लव्हड मी’मधल्या पाणबुड्या गिळणाऱ्या जहाजासाठी पाइनवुड स्टुडिओत नवं प्रचंड दालनच बांधावं लागलं. नऊ वर्षांची असताना ‘मूनरेकर’मध्ये मला काय आवडलं होतं ते आता कळलं. ते सेट होते. गोष्ट मला तेव्हाही कळली नव्हती आणि, वहीत लिहिलंय, आत्ताही फारशी पटली नाही.

एक सापळा भावनेचा. बॉन्डला नवनवी हत्यारं आणि यंत्रं देणाऱ्या क्यूचं काम करणारा डेस्मंड लुएलिन सतरा सिनेमांत आहे. ‘द वर्ल्ड इज नॉट इनफ’मध्ये तो बॉन्डला शेवटचा सल्ला देत जमिनीखाली उतरत जातो, सिनेमा लागला त्याच्या पुढच्याच महिन्यात, डिसेंबर १९९९मध्ये, तो अपघातात गेला. बाबांनी तिथे सिनेमा थांबवायला लावला आणि दोन मिनिटं कोणी काही बोललं नाही. त्या रात्री चौघांनीही त्या सिनेमाला दीड-दोन मार्क जास्त दिलेत. हे चालेल, पण वहीत कडेला कारण लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडतं.

६. ‘ऑक्टोपसी’साठी वेगळी सूचना

आपल्याकडच्या प्रत्येक कुटुंबात हा सिनेमा गडबड करतो. १९८३चा, उदयपुरात चित्रित झालेला. आणि उदयपूर म्हणजे इंदूरहून रात्रीची बस. प्रत्येकाची तिथे एक तरी सहल झालेली असते. त्यामुळे पिचोला तलावातला लेक पॅलेस दिसला की पहिली ओरड, डोंगरावरचा सज्जनगढ महाल दिसला की दुसरी. पुढचा अर्धा तास सिनेमा कोणी बघत नाही, “आपण इथंच फोटो काढला होता ना” एवढंच चालू. यावर उपाय म्हणून आधीच सहलीचा अल्बम काढा, तासभर मनसोक्त बघा आणि मग सिनेमा लावा. हे गमतीने म्हणत नाही, आम्हाला तो दोनदा बघावा लागला.

दुसऱ्यांदा बघताना उलटी गोष्ट झाली, राग आला. ताजमहालाशेजारून उडालेला माणूस पुढच्या क्षणी उदयपूरच्या घाटावर उतरतो. रिक्षाच्या पाठलागात खिळ्यांची शय्या, तलवार गिळणारा, निखाऱ्यांवर चालणारा, सगळे एका गल्लीत हजर. जुगारात जिंकलेल्या नोटा बॉन्ड भारतीय सहकाऱ्याच्या हातात कोंबतो आणि ‘करी’वरून शेरा मारतो. भाचीने तिथेच वहीत शून्य लिहिलं. बाबांचं म्हणणं वेगळं. तो सहकारी म्हणजे विजय अमृतराज, खरा टेनिसपटू, आणि तो गुंडांना रॅकेटने बडवत असताना दोन्ही बाजूंची गर्दी सामना बघितल्यासारखी माना फिरवते. एवढा विनोद तरी मान्य करा. कबीर बेदीचा गोबिंदाही आहे, विमानाच्या टपावर मारामारी करणारा, आणि तो कोणाच्या टिंगलीचा विषय नाही.

माझा सल्ला: या सिनेमाला दोन मार्क लिहा, एक ‘आपलं गाव दिसलं’ म्हणून आणि एक सिनेमा म्हणून. क्रमवारीत दुसराच धरा. माझे आठ आणि साडेचार होते.

जुन्या सिनेमांतली बायकांशी वागणूकही ठिकठिकाणी टोचते. ‘गोल्डफिंगर’मधला तबेल्यातला प्रसंग बघताना बाबासुद्धा पाणी प्यायला उठले. आणि सगळं घर एकत्र बसणार असेल तर रिमोट कोणाकडे, हे आधी ठरवा. आमच्याकडे आईकडे होता. तिच्याइतक्या वेगाने पुढे कोणी नेत नाही.

७. उतरंड रचणं: कार्डांचा खेळ

सगळे बघून झाले की मार्कांची बेरीज करून क्रम लावायचा मोह होतो. करू नका. बेरजेत जो सिनेमा सगळीकडे बरा आहे तो वर चढतो आणि ज्याने तुम्हाला रात्री झोपू दिलं नाही तो एखाद्या वाईट गाण्यापायी खाली जातो. मार्क आठवण जागी करायला ठेवा.

प्रत्येकाची प्रत्येकाशी तुलना करायची म्हटली तर ३०० जोड्या होतात. तेवढ्या लागत नाहीत. रमी खेळताना हातातल्या पानांत नवं पान कसं खोचता, तसं करा. आधी लावलेल्या ओळीचं मधलं कार्ड उचला आणि विचारा: नवा याच्या वर की खाली? वर असेल तर वरच्या निम्म्याचं मधलं. असं केलं की शेवटच्या, पंचविसाव्या कार्डालाही जास्तीत जास्त पाच प्रश्न पुरतात, आणि सगळी ओळ लागेपर्यंत फार तर ९४. एका बैठकीत होतं.

प्रश्न मात्र नेमका हवा. ‘चांगला कोणता’ विचारलं की माणूस समीक्षक होतो आणि खोटं बोलायला लागतो. आम्ही विचारायचो, “आत्ता यातला एकच लावणार आहे, कोणता लावू?” अडखळलात तर त्या रात्रीची वही उघडा.

माझ्या ओळीत वर आलं ते असं: पहिला ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’, दुसरा ‘कसिनो रोयाल’, तिसरा ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’. ज्या एकट्या लेझनबीचं कार्ड लिहायचं राहिलं होतं तोच वर गेला. डायना रिगची ट्रेसी, बर्फ, आणि लुई आर्मस्ट्राँगचं ते गाणं, जे ५२ वर्षांनी ‘नो टाइम टू डाय’मध्ये पुन्हा वाजतं तेव्हा नुसत्या सुरांनी घसा दाटतो. क्रमाने बघितलं नसतं तर हे कळलंच नसतं. डाल्टनचा ‘द लिव्हिंग डेलाइट्स’ माझ्याकडे सहावा आला, अपेक्षा काहीच नव्हती. ‘मूनरेकर’ एकोणिसावा. तळाशी ‘डाय अनदर डे’, अदृश्य गाडीसकट.

८. घरादाराची एकच यादी करू नका

आम्ही केली. चौघांच्या क्रमांकांची सरासरी काढली आणि पहिला आला ‘द स्पाय हू लव्हड मी’, जो कोणाच्याच यादीत पहिला नव्हता, सगळ्यांकडे तिसरा-चौथा-पाचवा होता. बाबांनी ती यादी हातात घेतली, चश्मा वर केला आणि विचारलं, “हे कोणाचं मत आहे?” उत्तर नव्हतं. आता चार याद्या फ्रिजवर चार चुंबकांखाली आहेत. यादीखाली तारीख घाला, पाच वर्षांनी पुन्हा बसाल तेव्हा लागेल.

जास्तीचं कार्ड सव्विसाव्या सिनेमासाठी. दिग्दर्शक म्हणून डेनी व्हिलनवचं नाव २०२५मध्ये जाहीर झालं आहे. आमचं कार्ड कोरं ठेवून चारही याद्यांच्या बाजूला लावलं होतं. परवा दूध काढताना बघितलं तर बाबांनी त्यावर पेन्सिलीने लिहून ठेवलंय, ‘गोल्डफिंगरच्या खाली’.